कच्चे टाके

बॉबिनची आई शिंपीण होती, आणि तिच्या हातून आजवर एकही ड्रेस बिघडला नव्हता. कारण सोपं होतं. ती आधी गिऱ्हाइकाचा जीव खायची, मग कापड शिवायची. आधी माप, मग पुन्हा माप, मग कच्चे टाके, मग गिऱ्हाइकाने तो अर्धामुर्धा ड्रेस अंगात घालून हात वर करायचे, खाली बसायचं, वाकायचं. एवढं सगळं निभावलं तरच पक्की शिलाई.

आता अशा बाईने पोरीचे दात कुणाच्या हाती सोपवायचे हे एका फेरीत ठरवलं असतं, तर नवलच! चौदा वर्षांच्या बॉबिनचे वरचे दोन दात ओठांच्या पुढे धावत होते, आणि ते मागे आणायला निघालेल्या दोन डॉक्टरांना आईने नऊ दिवसांत निकालात काढलं होतं.

बॉबिन उतावीळ झाली होती. घरात तिला बॉबिन म्हणत ते काही उगाच नाही, शिलाई मशीनमधल्या दोऱ्याच्या फिरत्या बॉबिनसारखी पोरगी एका जागी ठरतच नसे. तिला दातांना तारा हव्या होत्या, आजच्या आज हव्या होत्या. पण तिला ट्रम्पेटही हवं होतं. शाळेच्या बँडमध्ये एकटीने वाजवायच्या तुकड्यासाठी सहा आठवड्यांनी निवड होती, आणि पहिला डॉक्टर तोंडात जेमतेम डोकावून म्हणाला होता, "वाजवणं दोन वर्षं विसरून जा." दुसऱ्याने पडद्यावर तिचा सरळ दातांचा चेहरा दाखवला. बॉबिन हरखूनच गेली. मग आईने ट्रम्पेटचं विचारलं, तर म्हणाला, "बघू ना नंतर."

"नंतर बघणाऱ्याला मी बटण लावायलासुद्धा देणार नाही," आई बाहेर पडताना म्हणाली. त्या रात्री बॉबिनला वाटलं, आता सरळ दातांना तरी मुकायचं नाहीतर ट्रम्पेटला तरी.

आणि मग तिसऱ्या दवाखान्यातून फोन आला. आईने वेळ मागताना ट्रम्पेटचं सांगून ठेवलं होतं; डॉक्टरबाईंचा निरोप होता, आत्ताच या आणि येताना ट्रम्पेट घेऊन या.

बॉबिनने घरभर उड्या मारल्या. आई एका कोटाची दुमड बसवत होती, तिला हाताला धरून उठवलं, ट्रम्पेटची पेटी काखोटीला मारली आणि दहा मिनिटांचा रस्ता दोघींनी सहा मिनिटांत कापला. धापा टाकत आत शिरल्या. डॉक्टरबाईंनी विचारलं, "बोला, काय म्हणतेय लेक?"

"म्म्म," आई म्हणाली.

तिच्या दातांत दोन टाचण्या तशाच होत्या! बॉबिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरबाईंनी मात्र शांतपणे स्टीलचा ट्रे पुढे केला. "यात ठेवा, ताई." टाचण्या खणकन पडल्या. बाई आईच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. "समोरच्या दाताला खाच पडलीये. किती वर्षं धरताय?"

"वीस," आई ओशाळून म्हणाली. मग लेकीच्या कानाला लागली. "त्या दोघांसमोर मी तासतास बडबडले, एकाला दिसली नाही गं. हिला नजर आहे."

बाईंनी बॉबिनचे दात तपासले, मग ट्रम्पेट वाजवायला लावलं आणि ते ओठांवर नेमकं कुठे टेकतं ते दोनदा पाहिलं. नंतर वरच्या चार दातांवर, ज्यांत तार बसते ते चार बारीक चौकोन चिकटवले, त्यांवर मेणाची पट्टी दाबली. "हे पक्कं नाही. चिमट्याने उचललं की निघेल. आता वाजव."

आई खुर्चीतून उठलीच. "अगं बाई, हे तर कच्चे टाके!"

"काय म्हणालात?"

"काही नाही, काही नाही. चालू द्या तुमचं."

पहिल्या खेपेला नुसती हवा निघाली. दुसऱ्या खेपेला गंजलेलं दार उघडावं तसा आवाज आला. बॉबिनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "ओठ दाबू नकोस," बाई म्हणाल्या, "हवा जास्त दे." तिने छाती भरून श्वास घेतला. सूर आला! बारीक, कापरा, पण सरळ. पुढचा तर असा खणखणीत आला की बाहेर बसलेल्यांपैकी कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"चार आठवडे वाईट वाजेल," बाईंनी सांगून टाकलं. "रडशील. पण रोज वाजवलंस तर सहाव्या आठवड्यापर्यंत ओठ शिकतील असं मला वाटतं. लेखी मात्र देणार नाही."

"आणि कुठे काचलं तर?" आईने विचारलं.

"उसवू, पुन्हा बसवू. दर महिन्याला बघणारच आहे मी."

आईला दुसरं काही विचारायचंच उरलं नाही. ती बॉबिनकडे वळली. "तू सांग. वापरायचंय तुला."

नऊ दिवसांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. बॉबिनने ट्रम्पेट उचललं आणि जीव खाऊन फुंकलं. खिडकीची तावदानं थरथरली.

"हे हो समजायचं का?" डॉक्टरबाईंनी कानांवरचे हात काढत विचारलं.

"घाला पक्की शिलाई," आई म्हणाली. मग तिने ट्रेमधल्या टाचण्या उचलल्या, सवयीने ओठांपाशी नेल्या, लेकीच्या चार चौकोनांकडे पाहून थबकली, आणि त्या गुपचूप स्वतःच्या कॉलरला टोचल्या.