पळणं कुणाचं

छिन्नीचं बोथट टोक.

ब्रह्मदेशातली टेकडी.

चुन्याने लिहिलेली अक्षरं.

'म्हन' हा शब्द.

दगडात कोरलेला उलटा पाय.

मित्रांनो, हे तुकडे तुम्हाला भलतीकडून आल्यासारखे वाटतील. थांबा. प्रत्येकाला त्याच्या जागी बसवून देतो. तेवढ्यासाठीच तर मी, पाथर्डीच्या पूर्वेकडच्या एका गावाच्या वेशीवरचा जुना काळा दगड, बोलायला लागलो आहे.

डोंगराच्या पोटात होतो तेव्हा मला आकार नव्हता. अल्लाबक्ष चाचांनी पहारीने मला सुटं केलं, गाडीवर घालून गावात आणलं आणि माझी पुढची बाजू घासून गुळगुळीत केली. चाचा जाती आणि उखळं घडवत. मीही कुणाच्या तरी घरात पीठ दळणार असं मला वाटलं होतं. पण ते १९४६ साल होतं, आणि माझ्यावर एका मेलेल्या माणसाचं नाव यायचं होतं.

सहादेव त्याचं नाव. मनकर्णाबाईंचा एकुलता एक मुलगा. ब्रह्मदेशच्या लढाईत तो एका टेकडीवर पडला. त्याच्या मरणाची बातमी पलटणीकडून आली. पळण्याची बातमी मात्र छगनने आणली. छगन फौजेच्या मागे खेचरं हाकायला गेला होता आणि सगळ्यांच्या आधी परतला होता. त्या टेकडीवर तो नव्हता. तरी पारावर बसून म्हणाला, "सहादेव पळत हुता म्हन. पाठीत लागली."

म्हन. कोण म्हणालं, ते या शब्दात नसतं. तो मोकळा फिरतो आणि भेटेल त्याला चिकटतो. मनकर्णाबाई दिसल्या की बाया बोलणं तोडू लागल्या. बाई कुणाशी भांडल्या नाहीत. चाचांकडे येऊन एवढंच म्हणाल्या, "दगड उभा करा. माजा सदा पळाला न्हाई, ह्ये दगडावर पायजे."

अनावरणाला नगरहून एक गोरा साहेब येणार होता. त्याला वाचता यावं म्हणून मजकूर इंग्रजीत ठरला. राधाकृष्ण मास्तर शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी माझ्या अंगावर चुन्याने तीन ओळी लिहिल्या, आणि इंग्रजी न येणाऱ्या चाचांनी त्या जशाच्या तशा कोरल्या:

फ्लीइंग इन फिअर,
सहादेव
शॉट द एनिमी.

'फ्लीइंग इन फिअर' म्हणजे भीतीने पळताना. 'शॉट द एनिमी' म्हणजे शत्रूला टिपलं. लिहिताना मास्तरांच्या डोळ्यांसमोर पळणारा शत्रू होता. अक्षरं सुबक उतरली होती. लोक येऊन हात फिरवून जात, आणि मला अभिमान वाटे.

अनावरणाच्या आदल्या दुपारी गावचाच नूरमहंमद परत आला. तो सहादेवच्याच पलटणीतला, त्या टेकडीवर त्याच्या शेजारी लढलेला. मांडीला गोळी लागल्यामुळे इतके दिवस तो पुण्याच्या इस्पितळात होता. इंग्रजी वाचायला तो फौजेत शिकला होता. कुबडी टेकून तो माझ्यापुढे उभा राहिला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"मास्तर, ह्ये लिवायला छगन्यानं सांगितलं का तुमाला?"

"का रे? स्पेलिंग चुकलं?"

"स्पेलिंग झकास हाय. मानूस चुकला."

मास्तर हसले. "अरे, सरळ वाक्य आहे. भीतीने पळताना सहादेवने शत्रूला..." आणि थांबले. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

मनकर्णाबाई बाजूलाच बसल्या होत्या. "पळताना कोन, मास्तर?"

"शत्रू, मनकर्णाबाई. माझ्या मनात शत्रूच होता."

"मनात ऱ्हाऊ द्या. दगडावर कोन हाय?"

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. "फ्लीइंगसारखा शब्द क्रियापदापासून होतो, पण काम विशेषणाचं करतो," ते हळू आवाजात म्हणाले. "इंग्रजीत तो वाक्याच्या तोंडाशी ठेवला की पुढे जो कर्ता येईल त्याला बिलगतो. इथे पुढे सहादेव आहे."

"म्हंजी माजा सदाच पळाला."

"उद्या सायेब मोठ्यानं वाचंल," नूरमहंमद म्हणाला. "आन् छगन्या म्हनंल, बगा, दगडावरच लिवलंय."

मास्तरांनी चाचांकडे पाहिलं.

"माज्याकडं काय बगता? दगड हाय मास्तर, पाटी न्हाई. थुंकी लावून पुसायचं काम न्हाई."

मास्तर माझ्यासमोर उकिडवे बसले. बोटाने ओळी वरून खाली, खालून वर पुन्हा पुन्हा गिरवल्या. मग एकदम म्हणाले, "एकही शब्द बदलायला नको! पहिली ओळ वरून काढा आणि तळाला, शत्रूच्या पाठोपाठ लावा. सहादेव शॉट द एनिमी फ्लीइंग इन फिअर. भीतीने पळणाऱ्या शत्रूला सहादेवने टिपलं. शब्द तेच. पळणं ज्याचं, त्याच्याजवळ."

"तळाला जागा कुठाय? तेवढं अंग जमिनीत जायाचं हाय."

"कमी पुरा."

"मंग कलंल त्यो."

"कलला तर कलू द्या, चाचा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पळाया नगं."

दिवस मावळेपर्यंत चाचा माझं कपाळ तासत होते. छिन्नी बोथट झाली, दुसरी घेतली. जिथे पळणं होतं तिथे खड्डा राहिला. तीच अक्षरं मग पायाशी आली.

दुसऱ्या दिवशी साहेबाने मला मोठ्याने वाचलं, टाचा जुळवल्या आणि सलाम केला. हलगी वाजली. गर्दीतून छगन पुढे आला. माझ्या कपाळाकडे बघत म्हणाला, "वर काय खरवडलंय? कायतरी दडवलंय म्हन."

"व्हय, दडवलंय," नूरमहंमद म्हणाला. "मास्तरांचं व्याकरन."

लोक हसले. मास्तरही खाली मान घालून हसले. छगन तेवढा हसला नाही. मित्रांनो, त्या दिवशी गावातलं 'म्हन' संपलं असं सांगितलं तर ते खोटं होईल.

गर्दी पांगल्यावर मनकर्णाबाई माझ्याजवळ आल्या. "नूर, माजा सदा कुठल्या वळीत?"

"ही, मावशी. आता वरची."

"आन् पळनं?"

"पार तळाला."

"मधी कोन हाय?"

"शत्रू."

त्यांनी मधल्या ओळीवर तळवा ठेवला. "ऱ्हाऊ दे तितंच," म्हणाल्या, आणि बराच वेळ हात काढला नाही.

माझ्या शेजारी एक फार जुना वीरगळ आहे. त्याच्यावर अक्षर नाही. एक घोडेस्वार आहे आणि त्याच्यापुढे उलट्या पायांचा एक माणूस. कोण पळतो आहे, ते तान्ह्या पोरालाही कळतं. चित्रात पाय दाखवता येतात. वाक्यात पाय नसतात. जागा असते.

पुढे साहेब लोक गेले. इंग्रजी वाचायला वेशीवर कोण थांबणार? वेशीवर उभं राहून गाव मला विसरलं.

नाही. थांबा.

उभा मी आहे, गाव नाही. वेशीवर उभ्या असलेल्या मला गाव विसरलं. बघा, दगडाचंही चुकतं.

आता मला बकऱ्या बांधतात. बांधा, माझी ना नाही. कललेला असल्यामुळे मुलं पाठ टेकून बसतात. बसा. एकच मागणं आहे. पळणारा, रडणारा, चोरणारा, घाबरलेला असा कोणताही शब्द हातात घ्याल तेव्हा तो मोकळा सोडू नका. आधी त्याचा माणूस शोधा, मग त्याला त्याच्या शेजारी बसवा. कागदावर तुम्ही खोडू शकता. ज्याच्या अंगाला तो शब्द चिकटतो, त्याला तासावं लागतं.

सहादेव भरतीला गेला त्या दिवशी मनकर्णाबाई शेवगावच्या बाजाराला गेल्या होत्या. त्याला जाताना त्यांनी पाहिलं नाही. जाणं इथे त्याचं आहे, म्हणून 'जाताना' त्याच्याच शेजारी बसवलं आहे.