नखाचा कोपरा

“अहो क्लार्कसाहेब, चारच तर बोटं उरलीत या पायाला! त्यांनाही एवढा वेळ?” खुर्चीवरून टपालवाले आजोबा ओरडले.

खाली पाटावर निवृत्त हेडक्लार्क बसले होते. आजोबांचा डावा पाय टबातल्या पाण्यात भिजत होता, उजवा त्यांच्या मांडीवर होता आणि करंगळीच्या कडेला रक्ताचा थेंब फुगत होता. आजोबांना पत्ताच नव्हता. साखरेनं पाय केव्हाचे बधिर झालेले. याच पायाचा अंगठा गेल्या वर्षी एवढ्याशाच जखमेपायी काढावा लागला होता.

हेडक्लार्कांनी थेंबावर बोट दाबून धरलं.

सिस्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “नख सरळ कापायचं, कोपऱ्यात शिरायचं नाही. आणि रक्त दिसलं की लगेच हाक मारायची.” पण कोपरा जरा ओबडधोबड दिसत होता. सदतीस वर्षं ज्यांच्या कागदात कुणाला खाडाखोड सापडली नाही, त्यांना तो बघवेना.

निवृत्तीनंतर घरात त्यांना जीव नकोसा झाला होता. बायको म्हणायची, “भाजी निवडतानाही शेरा मारता हो!” मग एका रविवारी चर्चमध्ये पाळकांनी गात गात सांगितलं, प्रभू कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुवायला कसा बसला. सगळी मंडळी ठेक्यावर डोलत होती. ह्यांना मात्र हुंदका आवरेना. त्या आठवड्यापासून ते चर्चच्या या वृद्धाश्रमात शनिवारी नखं कापत. म्हातारी माणसं त्यांची वाट बघत. आपण पुन्हा कुणीतरी झालो, असं त्यांना वाटू लागलं होतं.

आता सांगितलं, की हे गेलं. कापसानं पुसलं, तर कोण बघणार होतं?

“पाय का धरून बसलात? मागे कुत्रं लागलंय का? मला विचारा, सहा चावलीत!” आजोबा हसले.

हेडक्लार्कांनी बोट उचललं. थेंब पुन्हा आला.

“आजोबा, माझ्या हातून लागलंय. करंगळीला.”

आजोबांचं हसू मावळलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“सिस्टर!” हेडक्लार्कांचा आवाज फाटला.

सिस्टर धावत आली. जखम धुऊन तिनं पट्टी बांधली. “कोपऱ्यात शिरलात ना? डॉक्टर दुपारी बघतील. नेलकटर द्या इकडे.”

त्यांनी दिलं. शिष्यांचे पाय धुताना प्रभूच्या हातून कुणाला जखम झाली नव्हती. यांच्या हातून झाली होती.

“मग हा आता काय करणार?” रांगेतल्या आजीनं विचारलं.

उठून जावं, असं हेडक्लार्कांच्या फार मनात आलं.

“पाय पुसतो, आजी,” ते म्हणाले. “आणि ही पट्टी बघायला रोज येतो.”

आजोबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. हेडक्लार्क पंचा हातात धरून तसेच बसून राहिले. मग, त्यांच्याकडे न बघताच, आजोबांनी टबात भिजत असलेला डावा पाय उचलला आणि पुढे केला.