शाई न लागलेली पेनं

आमच्या धंद्यात एक खूळ आहे. ज्या पेनात कधी शाई भरलीच नाही, त्याला सगळ्यांत जास्त भाव. जन्मात ज्यानं एक ओळ लिहिली नाही, ते सगळ्यांत मोठं! माणसांचंही पुष्कळदा तसंच असतं म्हणा, पण ते जाऊ दे.

मी जुनी, भारी पेनं घेते आणि विकते. दुकान एवढंसं, दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. पण पारख करायला लोक लांबून माझ्याकडे येतात. आमच्यात कागद चालत नाही. खोट्या पेनाला खोटा कागद जोडायला कितीसा वेळ लागतो? आमची रीत वेगळी आहे. व्यवहार ठरला की घेणारा पेन परत विकणाऱ्याच्या हातात देतो. विकणाऱ्यानं त्याच्यासमोर भिंग डोळ्याला लावायचं, निब बघायची आणि एकच शब्द बोलायचा, "आहे." म्हणजे अस्सल आहे. त्याशिवाय पेन हातातून सुटत नाही. आणि "आहे" म्हटलेलं पेन एकदा जरी नकली निघालं, तरी त्या माणसानं दुकानाला कुलूप घालून भाजी विकायला बसावं. माझं एकही निघालेलं नाही.

आणि माझ्याच सख्ख्या बहिणीच्या घरात काय? दिव्याखाली अंधार.

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, नोकरीत होते तेव्हापासून बगळा छाप पेनं जमवत आले. क्लिपवर कोरलेला बगळा असतो, म्हणून आम्ही त्यांना बगळा म्हणतो. मोजकीच निघतात, प्रत्येकावर आपापला नंबर असतो, आणि हौशी माणसं त्यांच्यासाठी जीव टाकतात. इतर लोक बँकेत पैसे ठेवतात, भावोजी बगळे ठेवायचे. घ्यायचे मात्र साखऱ्याकडून. साखऱ्या म्हणजे आमच्या बाजारातला एक गोडबोल्या दलाल, गेल्या वर्षी वर गेला. "भावोजी, मी काय मेले होते का?" असं मी एकदा तोंडावर विचारलं. तर म्हणाले, "घरच्या माणसाशी व्यवहार करू नये, नातं नासतं."

"मग निदान मला बघू तरी द्या."

"डब्याचं वेष्टण फोडायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

पारखणाऱ्यानं फोडलेलं वेष्टण बाजारात चालतं, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. पण नाही. शाई नाही, हात नाही, हवासुद्धा नाही. साखऱ्याला त्यांनी कधी "आहे" म्हणायलाही लावलं नव्हतं, कारण त्यासाठी डबा उघडावा लागला असता. त्या मेल्याला तेच हवं होतं.

मग ताईच्या हृदयाची झडप बिघडली.

आधी जिन्यात दम लागायचा. मग मोरीपर्यंत जाताना लागायला लागला. आता ती आडवी झोपूच शकत नव्हती. खिडकीपाशी आरामखुर्चीत, पाठीमागे उशा रचून, रात्रभर बसून असायची. डॉक्टर म्हणाले झडप बदलायची, आणि थांबायचं नाही. माझ्याकडे होतं नव्हतं ते मी दिलं. दुकान भाड्याचं, ते काय विकणार? भावोजी मात्र निवांत होते. "अरे, हे पडलेत ना कपाटात," म्हणाले. "या दिवसासाठीच तर ठेवले होते. ये मेहुणीबाई, आता फोड तुझ्या हातानं."

मी भिंग आणि लोहचुंबक घेऊन गेले. जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. भावोजींनी एकेक डबा असा आणून ठेवला, जसं काही तान्हं मूल उचलतायत. ताई खुर्चीतून बघत होती.

पहिल्या डब्याचं वेष्टण फोडलं आणि टोपण फिरवलं. खरं सांगते, भिंग लावायच्या आधीच मला कळलं. बगळ्याचं टोपण बसताना बोटांना कळतं, ते अलगद येऊन थांबतं. हे करकरलं. मग निब बघितली. बगळ्याचं नक्षीकाम हातानं कोरलेलं असतं, रेषेच्या तळाशी खोल चीर दिसते. इथे नक्षी नुसती दाबलेली, कडा गोल. निबेखाली शाई आणणारी जी जीभ असते, ती साच्यातून काढलेल्या प्लास्टिकची. चुंबक जवळ नेलं तर सोन्याची म्हणवणारी निब उडी मारून त्याला चिकटली.

दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. भावोजी टेबलाची कड धरून उभे. पुढच्या दोन डब्यांतल्या पेनांवर एकच नंबर निघाला, सत्तर.

"हे काय?" मी म्हणाले. "दोन्ही सत्तर?"

"जुळे असतील," भावोजी म्हणाले, आणि स्वतःच हसले. मी हसले नाही तसा त्यांचा चेहरा पडला.

सगळी संपेपर्यंत मी थांबले. एखादं तरी खरं निघावं म्हणून शेवटचं पुन्हा पुन्हा बघितलं, खिडकीच्या उजेडात नेऊन बघितलं. मग भिंग खाली ठेवलं.

"किती खरी निघाली?" ताईनं विचारलं.

"एकही नाही, ताई."

भावोजी माझ्यावरच उसळले. तुझं भिंग जुनं झालंय, तुझे डोळे गेलेत, साखऱ्यावर तुझा पहिल्यापासून दात होता. मीही काही तोंडात मूग धरून बसणारी नाही. म्हटलं, "एकदा, अहो फक्त एकदा शाई भरली असतीत, तर पहिल्याच दिवशी सगळी शाई बोटांवर आली असती! दुसरं विकत घ्यायची वेळच आली नसती! पेन काय देव्हाऱ्यात ठेवायला असतं?" बोलून गेले आणि जीभ चावली. कारण ते हळूहळू खाली बसले, फरशीवरच, टेबलाच्या पायाला टेकून. इतका मोठा माणूस, शर्टाच्या बाहीला नाक पुसायला लागला.

मग तेच म्हणाले, "पण हे कुणाला कळणार आहे?"

"म्हणजे?"

"घेणारा तरी शाई कुठे भरणार आहे? मी भरली का? तू 'आहे' म्हटलंस की संपलं. तुझ्या शब्दापुढे कोण जातंय?"

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लाज, शरम, धंदा, सगळं काढलं. भावोजी उठले, चपला घातल्या आणि औषधं आणायला म्हणून निघून गेले.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. ताईनं मला जवळ बोलावलं. आई गेल्यावर हिनंच माझी वेणी घातली, हिनंच मला वाढवलं. आता तिचे घोटे सुजून पिशवीसारखे झाले होते आणि दोन वाक्यांच्या मध्ये तिला थांबावं लागत होतं.

"चिमणे, मला मरायचं नाहीये."

"ताई, असं काय बोलतेस गं."

"ऐक. या वयात बायका म्हणतात, माझं सगळं बघून झालं, आता देवानं न्यावं. खोटं बोलतात मेल्या. माझं काही झालेलं नाही. मला अजून जगायचंय." ती थांबली, श्वास घेतला. "तुमचा एकच शब्द असतो ना? मग एकदा म्हण. माझ्यासाठी. मी कधी काही मागितलंय तुझ्याकडे?"

नव्हतं मागितलं. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "म्हणेन." मनापासून म्हणाले. त्या क्षणी माझ्या मनात तसूभरही किंतु नव्हता.

गिऱ्हाईक मी नीट विचार करून निवडलं. एक दंतवैद्य आहेत, माझे जुने. पैसा पाण्यासारखा, घरी पेनांची काचेची कपाटं. शाईचा थेंब न लागलेलंच पेन घेतात आणि आयुष्यात कधी लावत नाहीत. त्यांना या पैशांचं काही वाटणार नव्हतं, आणि त्यांना कधी कळणारही नव्हतं. मनाला मी हेच बजावत होते. रात्रीतून प्रत्येक पेन पुसून, मेण लावून चकचकीत केलं. दोन सत्तरांतलं एक घरीच ठेवलं.

त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही बसलो. औषधाचा वास, भिंतीवर जबड्याचं चित्र, पलीकडे कुणाच्या तरी दाढेवर यंत्र घरघरत होतं, ते काम दंतवैद्य मदतनीस डॉक्टरांवर सोपवून आले होते. डबे बघून त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला.

"इतके बगळे एकदम? बाई, कुठे घबाड सापडलं?"

"एका घरातून आले," मी म्हणाले. हे तर खरंच होतं.

किमतीवर त्यांनी घासाघीससुद्धा केली नाही. चेकबुक काढून टेबलावर ठेवलं. मग रीतीप्रमाणे पहिलं पेन उचलून माझ्या हातात दिलं आणि खुर्चीत मागे टेकले. घाईत नव्हते, संशयही नव्हता. चष्मासुद्धा काढून ठेवला होता. माझ्याकडे असे बघत होते, की आता फक्त ऐकायचंय.

मी टोपण काढलं. भिंग डोळ्याला लावलं. "आहे" हा शब्द मी येताना वाटेत पाठ करत आले होते. ताईचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवायचा असंही ठरवलं होतं. पण भिंगातून ताई दिसत नाही हो. भिंगातून निब दिसते. दाबलेली नक्षी दिसली, गोल कडा दिसल्या, प्लास्टिकची जीभ दिसली. आणि इतकी वर्षं डोळ्याला जे दिसतं तेच तोंड बोलत आलंय.

"नाही," मी म्हणाले.

माझाच आवाज मला ऐकू आला. अजून सावरता आलं असतं. हे एकच सदोष आहे, बाकीची बघू, असं काहीतरी म्हणता आलं असतं. मी दुसरं पेन उचललं, भिंग लावलं, आणि पुन्हा तेच म्हणाले. पुढची मी उचलली नाहीत.

"नकली आहेत, डॉक्टरसाहेब. सगळीच."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग चेकबुक परत खणात ठेवलं. "मग आणलीत कशाला?"

"चूक झाली."

"बाई, म्हणून तर मी तुमच्याशिवाय कुणाकडे जात नाही," ते म्हणाले, आणि मला त्यांच्या तोंडात मारावंसं वाटलं. डबे पिशवीत भरताना एक हातातून निसटला, म्हणून त्यांनी तब्येत विचारली. माझी बहीण आजारी आहे, हृदयाचं आहे, एवढं मी सांगितलं. पैसे मागायला तोंड उघडेना. त्या माणसाला आत्ताच लुबाडायला निघाले होते मी! ते म्हणाले, "हृदयाचे एक चांगले डॉक्टर आहेत माझ्या ओळखीचे. माझं नाव सांगा, लवकर बघतील." एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला, साध्या बॉलपेननं.

दार भावोजींनी उघडलं. पिशवी अजून भरलेलीच आहे हे त्यांनी बघितलं. स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभे राहिले. भांडी नव्हती, नुसतंच पाणी वाहत होतं.

ताई जागीच होती. मी तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"ओळखलं त्यानं?" तिनं विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं! त्यानं ओळखलं, ताई, आपलं नशीबच फुटकं. आम्ही दोघींनी मिळून त्याला शिव्या घातल्या असत्या, गळ्यात पडून रडलो असतो. तिच्यासाठी एवढं तरी खोटं मला जमायला हवं होतं.

"नाही. मीच सांगितलं."

ती रागावली नाही. रागावायला जेवढा श्वास लागतो तेवढाही तिच्याकडे नव्हता.

"पैसेवाला आहे ना तो?"

"खूप."

"त्याला कळलं असतं कधी?"

"कधीच नाही."

"मग तो तुझा कोण लागत होता गं?" ती म्हणाली. "मी तर तुझी बहीण होते."

सवय, शब्द, धंदा, इमान. एरवी तावातावानं बोलणारी मी, आणि तिच्यासमोर यातलं एकही म्हणायची मला लाज वाटली. ती उत्तराची वाट बघत होती. खरंच बघत होती, मी काहीतरी सांगेन आणि तिला ते पटेल म्हणून. तेवढ्यानंही तिला धाप लागली, ती खुर्चीत घसरली, तशी मी उठून तिच्या पाठीमागची उशी वर ओढायला गेले.

तिनं माझा हात धरून बाजूला केला.

"तू राहू दे," ती म्हणाली. "त्यांना हाक मार. ते करतील."