सिरिलला दिसलेला निळा

डोळ्यावरची पट्टी काढल्यावर विल्फ पर्सलोने आधी स्वयंपाकघराच्या भिंती पाहिल्या आणि तो वैतागलाच.

"एनिड, भिंती कधी रंगवून घेतल्यास? मला विचारायचं तरी!"

"रंगवल्या कुठल्या? पांढऱ्याच होत्या," टोस्टला लोणी लावत बायको म्हणाली. "तुझा मोतीबिंदू पिवळा होता. त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं का?"

सांगितलंही असेल. पण रंगाबद्दल आपल्याला कुणी काही सांगावं, हेच मुळी विल्फला खपत नसे. बर्मिंगहॅमच्या मोटार कारखान्यात त्याने एकतीस वर्षं रंगात रंग मिसळून हवी ती छटा मिळवायचं काम केलं होतं. लाकडी पट्टीवर थेंबभर रंग घ्यायचा, खिडकीशी धरायचा आणि म्हणायचं, "चिमूटभर काळा." बस्स, जमलंच म्हणून समजा. समोर नमुना ठेवून रंग मिळवणं हे शिकाऊंचं काम. विल्फला कारखान्याचे सगळे रंग तोंडपाठ होते, आणि कारखाना पाडून तिथे घरं उभी राहिली तरी त्यातला एकही तो विसरला नव्हता.

चहाचा मग घेऊन तो गॅरेजमध्ये गेला. आत त्याची जुनी 'मायनर' मोटार उभी होती, एकसष्ट सालची. रंग 'आर्डन ग्रे'. नावाला ग्रे, पण खरा हिरवट, सकाळच्या कोबीच्या पानासारखा. सदुसष्ट साली तो बंद केला, आणि विल्फच्या मते देशाला उतरती कळा लागली ती तिथूनच. आता रस्त्यावर बघावं तर काळ्या, पांढऱ्या, राखाडी! मोटारी आहेत की फ्रीज?

उजेडासाठी त्याने रस्त्याकडचं दार वर केलं आणि जागच्या जागी थिजला. गाडी निळी होती.

त्याने ऑपरेशन झालेला डोळा मिटला. गाडी हिरवट झाली, अगदी हवी तशी. तो उघडून जुना मिटला. निळी. असं त्याने किती वेळा केलं कोण जाणे, चहा पार गार झाला. मग त्याला सिरिल आठवला.

सिरिल टँडी म्हणजे त्याच्या जोडीचा रंगारी. विल्फने रंग मिळवायचा, सिरिलने फवारायचा. कारखान्यात तीस वर्षं हेच. सिरिलच्या हाताला कधी रंगाचा ओघळ माहीत नव्हता. दोन वर्षांपूर्वी ही गंजलेली मायनर दोघांनी पत्र्यापर्यंत खरवडली, विल्फने आठवणीतून रंग मिळवला आणि सिरिलने तो मारला. मग जुन्या गाड्यांच्या क्लबाच्या रविवारच्या मेळाव्यात, पबच्या अंगणात, वीसेक माणसांसमोर सिरिल हळूच म्हणाला होता, "विल्फ, मला ही जरा निळी वाटते रे."

आणि विल्फ तडकला होता. "सिरिल, तुझ्याकडे हात आहे. डोळा देवाने तुला दिलाच नाही! माझ्या डोळ्यांवर तीस वर्षं जगलास, आता मला शिकवतोस?"

सगळे हसले. सिरिलने टोपी घातली आणि तो निघून गेला. तेव्हापासून ना त्याचा फोन, ना नाताळचं कार्ड.

"एनिड!" विल्फ गॅरेजमधूनच ओरडला. "ही गाडी कुठल्या रंगाची आहे?"

एनिड दारात आली. मग शेडमध्ये जाऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. गाडीत पुढच्या सीटसमोर असतो त्या छोट्या कप्प्याचं जुनं झाकण होतं ते, मूळ रंगातलं. एकाहत्तर साली तिचाच गुडघा लागून त्याची कडी तुटली होती, म्हणून बदललेलं. विल्फने ओल्या फडक्याने ते पुसलं आणि गाडीला टेकवून धरलं. झाकण हिरवं, गाडी निळी. शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

"हे घरात होतं? आणि तू बोलली नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? किती खूश होतास तू. म्हटलं, कशाला." एनिडने नजर खाली केली. "त्या दिवशी मीही हसले होते, विल्फ."

त्याला तिचा भयंकर राग आला, पण रागवायला तोंड होतं कुठे? जेवण झाल्यावर त्याने शेजारच्या पोराला मायनर चालवायला बसवलं आणि झाकण मांडीवर घेऊन सिरिलचं घर गाठलं.

सिरिलने सपातांतच दार उघडलं. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. बाहेर ये जरा. हे बघ."

सिरिल फाटकापर्यंत आला, पण त्याने झाकणाकडे पाहिलंही नाही. "तूच सांग. मला कुठे रंगातलं कळतं!"

"तू बरोबर होतास." विल्फने झाकण गाडीच्या दाराला टेकवलं. "गाडी निळी आहे. डोळा माझा गेला होता, सिरिल."

सिरिल कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर बसला. "म्हणजे माझे डोळे ठीक होते," तो स्वतःशीच म्हणाला. "दोनदा तपासून घेतले मी. ठीक आहेत म्हणाले, पण माझा विश्वासच बसेना. तू कधी चुकला नव्हतास ना! म्हटलं, विल्फला निळा दिसत नाही म्हणजे तो नाहीच. नातीची सायकल रंगवायची होती, तीसुद्धा दुकानात पाठवली. आणि रंग फवारायची गन देऊन टाकली."

"दुसरी आणू की! मी रंग मिळवतो, नमुना समोर ठेवून मिळवतो. तू मार."

सिरिलने उजवा हात पुढे धरला. तो थरथरत होता. "रोज चालत होता तोवर ठीक होता. आता कप धरवत नाही."

विल्फला त्या हाताकडे बघवेना. "मग मी दुसऱ्या कुणाकडून—"

"नाही. निळीच राहू दे. आणि रंगाचं कुणी विचारलं की खरं काय ते सांगायचं. क्लबात सांग, पेट्रोल भरताना सांग. आणि ते झाकण मला दे."

झाकण काखेत धरून तो आत गेला. चहाचं नावही त्याने काढलं नाही.

घरी परतल्यावर विल्फ गाडीशेजारी नुसताच उभा राहिला. त्याने नवा डोळा मिटला. मायनर पुन्हा आर्डन ग्रे झाली. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली होती. तेवढेच दिवस ती तशी दिसणार होती.

"काय सुंदर रंग आहे हो, मिस्टर पर्सलो!" कचऱ्याचा डबा ओढत नेणाऱ्या मिसेस गॉफ पलीकडून म्हणाल्या. दर आठवड्याला म्हणायच्या. "तोच ना, जुना?"

दर आठवड्याला तो "अगदी कारखान्यातला" म्हणायचा. आज त्याने डोळा उघडला.

"नाही, मिसेस गॉफ. हा चुकलेला आहे. सिरिलला तेव्हाच निळा दिसला होता. मी त्याला आंधळा ठरवलं."