दुसऱ्या अंकातली थोरली

भावाने आपल्यावर नाटक लिहिलंय हे ताईला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचं काम ती बावीस वर्षं करत होती. त्या दिवशी पुढचा माणूस जेवायला गेला होता, म्हणून ती काउंटरवर उभी होती. गिऱ्हाईक तिच्या वडिलांचा जुना विद्यार्थी निघाला.

"मास्तरांवर नाटक येतंय ना?" फ्रेम नाकावर चढवून आरशात बघत तो म्हणाला. "माझा मेहुणा आहे त्यात. मुलगी फार दुष्ट दाखवलीय म्हणे. खोली मोकळी व्हावी म्हणून आजारी बापाला आश्रमात टाकते." आपण कोणासमोर बोलतोय ते मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो घाईघाईने फ्रेमच्या काडीबद्दल विचारू लागला.

ताईने काडी नीट करून दिली. शनिवारी दुकान अर्धा दिवस असायचं. शनिवारी ती तालमीच्या हॉलवर गेली.

हॉल टायरच्या दुकानावर होता, जिन्यात रबराचा वास भरलेला. आत जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीने दोन खोल्या आखल्या होत्या. भाऊ एका कोपऱ्यात वहीवर वाकून बसला होता. तिला बघून तो उठला नाही.

"तू इथे कशाला?"

"बघायला. माझंच आहे ना."

"तुझं काही नाहीये. काल्पनिक पात्रं आहेत ती."

"मग बसते की. काल्पनिक माणसांना माझी काय अडचण?"

दिग्दर्शिकेला सगळे बाई म्हणत. बाईंनी दोघांकडे एकेकदा पाहिलं आणि ताईला खुर्ची सरकवली.

दुसऱ्या अंकाची तालीम चालू होती. नाटकातल्या मुलीला नाव नव्हतं, नुसती 'थोरली'. तिचं काम करणारी नटी बॅगेत कपडे कोंबत होती आणि कॉटवरचे मास्तर आढ्याकडे बघत होते. "मलाही माझं आयुष्य आहे, बाबा," एवढं म्हणून ती थांबली. पुन्हा म्हणाली, पुन्हा थांबली.

"मला हे येत नाही, बाई. पहिल्या अंकात ही त्यांच्या पायाला तेल लावतेय, आणि इथे एकदम बॅग भरतेय. मधे काय झालं?"

"मधे सहा वर्षं गेली," भाऊ म्हणाला.

"वर्षं गेली, ते कळलं. हिचं काय झालं?"

"तिला खोली हवीय. आहे ना त्यात."

"ती खोली तुला हवीय," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या अंकात तुला मास्तर आश्रमात पाहिजेत, म्हणून कोणीतरी त्यांना घराबाहेर काढायचं. थोरली ढकलत नाहीये, तू ढकलतोयस. प्रेक्षकाला तुझा हात दिसतो."

"लोकांना कोणावर तरी चिडायचं असतं, बाई. मी त्यांची सोय करून दिलीय."

"मधे काय झालं ते मी सांगते," ताई मागून म्हणाली.

भाऊ वळला. "घरचं इथे नको."

"घरचं तू आणलंस. पोस्टर छापून."

ती उभी राहिली. विचारलं नटीने होतं, पण ती बोलली भावाकडे बघून. मास्तरांचं अर्धं अंग लुळं पडल्यावर तिने त्यांच्या कॉटला सायकलची घंटी बांधून दिली होती, काही लागलं तर वाजवा म्हणून. ते दिवसभर वाजवायचे. ती आली की चहात बोट बुडवून बघायचे आणि कप जमिनीवर ओतायचे. दुसरा आणला की तोही. तिला नावाने हाक मारणं त्यांनी सोडून दिलं होतं. शेजारी आले की म्हणायचे, माझा मुलगा इथे असता तर. अकरा वर्षं. एका सकाळी कामावर जाताना तिने घंटी सोडवली आणि पर्समध्ये टाकली. संध्याकाळी आली तेव्हा मास्तर जमिनीवर होते. सात तास पडून होते.



"बाबा असे नव्हते," भाऊ म्हणाला.

"तुझ्याशी नव्हते. तू वर्षातून दोन दिवस यायचास. ते दोन दिवस मी त्यांची दाढी करून ठेवायचे."

"सात तास. तू माणूस मारत होतीस."

"हो. म्हणूनच दुसऱ्या दिवशी नेऊन ठेवलं. घरात राहिले असते तर मी पुन्हा केलं असतं. मला खोली नको होती, मला ते नको होते. मला वाईट दाखव, माझी हरकत नाही. पण फुकट वाईट दाखवू नकोस."

नटी संहितेच्या कडेला पेन्सिलने काहीतरी लिहीत होती. भावाने तिच्या हातातून कागद ओढून घेतले.

"हे घातलं तर मास्तरांचं काय होईल?" तो बाईंना म्हणाला. "पहिल्या प्रवेशापासून देवमाणूस उभा केलाय. सगळा डोलारा त्यावर आहे."

"मग पहिल्या प्रवेशापासून लिही."

"नाही लिहिणार."

"मग दुसरा अंक मी बसवत नाही."

भाऊ ताईच्या मागोमाग जिना उतरला. "माझं नाटक मोडायला आली होतीस तू."

"त्यासाठीच आले होते."

"बाबा गेले तेव्हा मी तुला एका शब्दाने विचारलं नाही. उपकार समज."

"विचारायचं होतंस," ती म्हणाली आणि बसथांब्याकडे गेली.

बारा दिवसांनी नटी चष्मा तपासायच्या निमित्ताने दुकानात आली. तिचे डोळे ठणठणीत होते. भावाने सगळं नव्याने लिहिलंय, ती म्हणाली, आणि तो कोणाशी बोलत नाही. मग तिने हळूच विचारलं, "घंटी घाईत काढलीत, की सावकाश?"

"आधी भांडी घासली," ताई म्हणाली. "हात पुसले. मग काढली."

पहिल्या प्रयोगाचं आमंत्रण आलं नाही. ताईने खिडकीवर तिकीट काढलं आणि चौदाव्या रांगेत बसली. आता मास्तर विद्यार्थ्यांशी मिठ्ठास बोलत होते आणि ते गेले की कप ओतत होते. पहिल्यांदा लोक हसले, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही. दुसऱ्या अंकात थोरलीने भांडी घासली, हात पुसले, घंटी सोडवली. मास्तर तिच्या हाताकडे बघत राहिले. दारात वळून ती म्हणाली, "आता वाजवा."

ताईची कानशिलं तापली. हे वाक्य ती कधी बोलली नव्हती. पण त्या सकाळी कुलूप लावताना ते तिच्या मनात आलं होतं, याच शब्दांत, आणि ते तिने हॉलमध्येही सांगितलं नव्हतं. भावाला ते सापडलं होतं. म्हणजे तो तिला आतून-बाहेरून ओळखत होता, आणि ओळखत असूनही त्याने आधी ते खोलीचं लिहिलं होतं. याचा तिला आधीच्या सगळ्यापेक्षा जास्त राग आला.

शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, "करेल नाही तर काय." नवरा म्हणाला, "तरी बाप होता." मध्यंतरभर त्यांचं तेच चाललं होतं.

प्रयोग संपल्यावर भाऊ दाराशी माणसांच्या गराड्यात उभा होता. "थोरली काय उभी केलीय," कोणीतरी म्हणालं. "सुचली कशी?"

"तालमीत सापडत गेली," भाऊ म्हणाला. तेवढ्यात त्याला ताई दिसली. त्याने ओळख करून दिली नाही, तिने पाऊल थांबवलं नाही.

आठवड्याने त्याचा फोन आला. ख्यालीखुशाली न विचारता म्हणाला, "आश्रमात बाबा तुझ्याशी काय बोलायचे? म्हणजे शेवटी शेवटी?"

"नाटकासाठी विचारतोयस?"

"तिसरा अंक पडतोय. दुसऱ्यानंतर लोकांना थोरलीचंच ऐकायचं असतं, आणि माझ्याकडे काही नाही."

"तिथे चार वर्षं होते ते. तू एकदा जरी गेला असतास तरी तुझ्याकडे काही असतं."

"ताई, दोन वाक्यं सांग. जास्त नको."

"स्वतः बनव," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याने बनवून पाहिलं असावं, कारण नटी पुढे दोनदा दुकानात आली आणि दोन्ही वेळा शेवट बदलल्याचं बोलली. नाटकाचे साठ प्रयोग झाले. दुसरा अंक थरारक, तिसरा मात्र ढिला, असं एका वर्तमानपत्रात छापून आलं. ताईने ते डबा खाताना वाचलं, पान दुमडून बाजूला ठेवलं आणि राहिलेल्या काचा घासायला मागच्या खोलीत गेली.