दैत्याच्या पायातली वहाण

मी उजव्या पायाची कोल्हापुरी वहाण आहे, मित्रांनो, आणि वयाने तुमच्या आजोबांपेक्षाही मोठी. डावी बहीण इथे शेजारीच आहे, पण ती पहिल्यापासून अबोल. दोघींच्या वतीने बोलायचं ते मीच.

माझा जन्म एका चर्मकाराच्या ओसरीवर झाला. बाभळीच्या सालीत कमावलेलं जाड कातडं त्यांनी कापलं, त्यांच्या घरधनिणीने वरची बारीक वेणी विणली. मग तळाच्या दोन थरांमध्ये चामड्याचा एक छोटा तुकडा बसवला. त्याला विंचू म्हणतात. हा विंचू डसत नाही, बोलतो. माणूस चालला की कर्र, कर्र! मला न्यायला आले ते गुंडूअण्णा. गडमुडशिंगीच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिवाजी पेठेतल्या तालमीत अंग कमावलेला, आणि सिनेमाच्या स्टुडिओत नुकतंच दुष्ट सावकाराचं काम मिळालेला गडी. दोन पावलं टाकून ते म्हणाले, "हिला आनि जरा जोरात बोलू द्या की. मी दिसायच्या आधी लोक घाबराय पायजेत."

आणि लोक घाबरले, मित्रांनो! नायक पडद्यावर यायचा तेव्हा सतार, सनई, बासरी, काय काय वाजायचं. अण्णांसाठी मी एकटी पुरे. स्टुडिओत ध्वनिमुद्रक माइक पार जमिनीलगत आणून ठेवायचे, दिग्दर्शक "पावलं!" म्हणायचे, की अण्णांचा उजवा पाय उचलला जायचाच. सावकार, कपटी कारभारी, वारसाच्या जिवावर उठलेला मामा अशी सगळी कामं त्यांनी केली. जाहिरातीवर त्यांचं नाव नेहमी तळाशी, बारीक अक्षरात. पण थेटरात पहिली किंकाळी निघायची ती आमच्यामुळे. याचा मला आजही अभिमान आहे.

प्रत्यक्षात अण्णा लोण्याहून मऊ. कीर्तनाचं तर त्यांना वेड. कुठे कीर्तन आहे असं कानावर आलं की सायकलवर टांग टाकलीच. मी देवळाबाहेर इतरांच्या वहाणांच्या ढिगात बसून ऐकायची. मला कुणी चोरून नेलं नाही. नेणार कसं? चार पावलांत चोर सापडला असता!

पण एक दुःख होतं. गावच्या जत्रेत, तंबूतल्या सिनेमात, अण्णांच्या आईने, बयाबाईंनी, लेकाला पडद्यावर पाहिलं. त्या चित्रपटात ते म्हाताऱ्या आईला भर पावसात घराबाहेर काढतात. भोवतालच्या बायकांनी बोटं मोडली, "मुडदा बशिवला तुझा" म्हणून रडत रडत ओरडल्या. बयाबाई मान खाली घालून उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी अण्णा घरी गेले, तर त्या दारात उभ्या.

"त्या वहाना उंबऱ्याभाईर काढ. आन् त्यांच्यासंगं तूबी भाईरच ऱ्हा."

"आई, त्यो सिनेमा हाय. खोटं असतंय सगळं."

"खोटं व्हय? मग त्या बाया खऱ्या का रडल्या?"

अण्णा आल्या पावली माघारी फिरले. तेव्हापासून ते गावी येत, अंगणातूनच हाक मारत, आणि हाकेला ओ न मिळता परत जात. पेठेतल्या खोलीवर परतून ते मला पुसत, तेल लावत. हे काम सोडावं असंही त्यांच्या मनात येऊ लागलं होतं.

मग नृसिंह जयंती आली. गावातल्या मारुतीच्या देवळात दत्तप्रसादबुवांचं कीर्तन होतं. आई आत बायकांमध्ये बसली होती, म्हणून अण्णा बाहेरच फरशीवर, अंधारात उभे राहिले. जरा ऐकून निघायचं म्हणून त्यांनी मला पायातून काढलंही नव्हतं. बुवांनी प्रल्हादाचं आख्यान लावलं. काय ती वाणी! उकळत्या तेलात पोर हसतंय, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे वाहतायत. आख्यानात दिवस मावळतीला आला. बुवांनी झांज थांबवली, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "आणि तेवढ्यात ऐकू आली त्या दैत्याची पावलं…"

अण्णांचा उजवा पाय उचलला गेला. इतक्या वर्षांची सवय! कर्र. कर्र. कर्र.

सभा दचकली. पोरं आयांच्या पदरात शिरली. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या आणि अण्णा जागच्या जागी गोठले. मलाही वाटलं, हे काय होऊन बसलं! देवाच्या दारात वहाणांचा आवाज! पण बुवा खरे कीर्तनकार. त्यांनी चिपळ्या उंच धरल्या.

"ऐकलीत? थांबू नका हो पावणं, चाला! हा दैत्य असा चालून आला नसता, तर खांबातला देव कशाला बाहेर आला असता?"

अण्णा चालले. मी जन्मात वाजले नव्हते अशी वाजले. तबल्यावर थाप पडली, गुलाल उधळला, नृसिंहाचा जयजयकार झाला.

बुक्का लावून लोक बाहेर पडू लागले तशा बयाबाई आल्या. अण्णांनी घाईने मला बाजूला सारलं आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारीने ते डोकं दोन्ही हातांनी धरलं.

"गुंड्या, लई भ्यायले रं मी. म्हनून तर द्येव आल्याव एवढं बरं वाटलं की."

पुढच्या जत्रेत बयाबाई तंबूत सगळ्यात पुढे बसल्या. आमची कर्रकर्र सुरू झाली, बायकांनी तोंड सोडलं, तेव्हा त्या मागे वळून गरजल्या, "माझा ल्योक हाय त्यो! एवढ्याशा शिव्या व्हय? मोठ्यानं द्या की!"

आता अण्णा नाहीत. त्यांची पणती राजनंदिनी मला उन्हापावसापासून जपते, तेल लावते, आणि काचेच्या पेटीत न ठेवता कधीकधी पायात घालून अंगणभर चालवते. मित्रांनो, जुन्या वस्तूला असंच जपा, तिचं काम तिला करू द्या. आणि पडद्यावर एखादा दुष्ट माणूस दिसला, तर त्याला पोटभर शिव्या द्या. मात्र थेटरातले दिवे लागल्यावर, घरी निघण्याआधी, त्याच्या नावाने एकदा हात जोडा.