रॉकेल न पडलेलं पोतं

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कंपनीच्या कामगार वसाहतीत भानुदास सिक्युरिटी सांभाळायचा. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. तो निवृत्त झाला, मिशी झाली नाही. एकशे वीस कामगार, शेजारी स्टोअर आणि दोन्हींचं मिळून एकच गेट. दहा वर्षं नोकरी सुखात चालली होती. त्या गुरुवारी मात्र मॅनेजर रुपेशने त्याला केबिनमध्ये बोलावून कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला.

स्टोअरमधून तांब्याच्या केबलची रिळं महिन्यात दुसऱ्यांदा गेली होती.

"काका, उद्या सगळ्यांचे फोन कलेक्ट करा. नाव कळेपर्यंत फोन नाही, संडेचं आउटिंग नाही. आणि प्रत्येकाची ह्याच्यावर सही घ्या, उगाच कंप्लेंट नको कुठे."

भानुदासने वरचा कागद वाचला. 'मी माझा फोन स्वखुशीने जमा करत आहे.' असल्या कागदावर त्याने एकदा अंगठे घेतले होते.

त्या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली होती. डोंगरातल्या एका गावातून बंडखोरांना जेवण जातं अशी खबर होती, पण कोण देतं ते कोणी सांगेना. नव्या कॅप्टनने हुकूम सोडला की अख्ख्या गावाला उपाशी ठेवा, तोंडं आपोआप उघडतील. घराघरात शिरून तांदळाच्या पोत्यांत रॉकेल ओतायचं काम पंचविशीतल्या भानुदासकडे आलं. त्याने ते केलं. आठवड्यापूर्वीच पलटणीचे दोन जवान मारले गेले होते, त्यामुळे मनाची समजूत घालायला फार वेळ लागला नाही. शेवटच्या घरात एक म्हातारी आणि दोन पोती होती. एक पोतं भिजवलं आणि डबा संपला. दुसरा डबा आणायला खाली गाडीपर्यंत कोण जाणार, म्हणून दुसरं पोतं त्याने तसंच सोडलं. मग रिवाजाप्रमाणे कागद पुढे केला, 'झडतीत माझं काहीही नुकसान झालं नाही.' म्हातारीने मुकाट्याने अंगठा उठवला.

नावं आली नाहीत ती नाहीतच. उलट पूर्वी कोणी ना कोणी गुराखी पेरलेल्या सुरुंगाची खबर हळूच देऊन जायचा, तेही बंद झालं. पंधरा दिवसांत एक गस्त सुरुंगावर गेली. चार जण गेले, त्यांत दोघे भानुदासबरोबरच भरती झालेले. पुढच्या आठवड्यात त्याच्या तुकडीची पाळी आली, तेव्हा ओढ्याशी तीच म्हातारी डोक्यावरची मोळी खाली टाकून वाटेत आडवी उभी राहिली.

"इधर से मत जाओ," ती म्हणाली. आणि भानुदासकडे बोट दाखवून म्हणाली, "तूने एक बोरी छोड़ी थी."

बाई, डबा संपला होता, हे त्याने सांगायला हवं होतं. ते न सांगताच तो तुकडीबरोबर दुसऱ्या वाटेने वळला. अकरा जण जिवंत परतले. नंतरचं लग्न, लेक उर्वीचा जन्म, दुबईतला अल नहदाचा फ्लॅट, सगळं त्या रिकाम्या डब्याच्या कृपेने. देवापुढे हात जोडले की आधी म्हातारीच उभी राहायची. तिचं नावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. आभार तो रोज मानायचा, पण खाली मान घालून.

शुक्रवारी सकाळी त्याने गठ्ठा कोराच्या कोरा रुपेशच्या टेबलावर परत ठेवला आणि हे सगळं त्याला सांगितलं, डब्यासकट.

"काका, तिकडे बॉम्ब होते. इथे केबल आहे," रुपेश म्हणाला.

"चोर असतील दोन. बाकीचे एकशे अठरा आज आपले डोळे आहेत. फोन घेतलेस की ते मिटतील."

"आणि केबल नाही मिळाली तर? बॉसला मी काय सांगू? तुमचा व्हिसा आहे, उर्वीचं फायनल इयर आहे. थिंक प्रॅक्टिकली."

भानुदासने गळ्यातलं ओळखपत्र काढून गठ्ठ्यावर ठेवलं. उर्वीची फी काही मिशीवर भरली जात नाही, हे ठाऊक असूनही.

रुपेशने ते परत सरकवलं. "संडेपर्यंत. त्यानंतर खलास, काका."

रविवारी वसाहतीचा जिना नेहमीसारखा गजबजला. कोणी आईशी भांडत होता, कोणी फोनवर पोराचे नवे दात बघत होता. भानुदास गेटवर बसून ऐकत होता. आपण केलं ते बरोबर केलं याची त्याला खात्री होती. त्यामुळे केबल सापडेल याची मुळीच नव्हती.

दुपारी मेसचा आचारी झुबेर न मागता चहा घेऊन आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "चाचा, आज स्क्रॅप की गाड़ी आएगी. ऊपर पत्रा होगा. नीचे देखना."

गाडी तीनला निघाली. भानुदासने पत्रे उतरवायला लावले. खाली रिळं होती, आणि ड्रायव्हरच्या हातातल्या गेटपासावर स्टोअरकीपरची सही. स्टोअरकीपर राहायला वसाहतीबाहेर, अल मनखूलला. ज्या एकशे वीस जणांचे फोन जाणार होते, त्यांत चोर एकही नव्हता. रुपेश धावत आला आणि रिळं बघून खाली बसला.

"तुला कधीपासून माहीत होतं?" गाडी बाजूला लावल्यावर भानुदासने झुबेरला हिंदीत विचारलं.

"किचन की खिड़की से पिछली बार भी देखा था. डर लगता था." झुबेरने रिकामा कप उचलला. "वो काग़ज़ वाली बात मेस में सबको मालूम है. आपने साइन नहीं लिया. शुक्रिया, चाचा."

भानुदासची मान सवयीने खाली जाऊ लागली होती. ती त्याने वर घेतली. या वेळी डबा भरलेला होता आणि तो त्याने स्वतःच्या हाताने खाली ठेवला होता. हे आभार त्याच्याच हक्काचे होते. त्याच्या भरल्या डोळ्यांपुढे ती म्हातारी उभी राहिली.

"आई, तुझे फार उपकार झाले," तो मोठ्याने म्हणाला.

"क्या बोले, चाचा?"

"चाय अच्छी थी," भानुदास म्हणाला.